काळ्या आकड्यांची पोती

मोंफ्रुआच्या मठातून पोती खाली भट्टीवर आणायची, एवढंच माझं काम. दर मंगळवारी सकाळी रिकामी गाडी घेऊन वर जायचं आणि दुपारी भरून खाली यायचं. छत्तीस वर्षं मी हेच करतोय. आधी खेचरं होती, लढाई संपल्यावर ट्रक आला, रस्ता मात्र तोच राहिला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला घळ आणि वर्षातले सात महिने धुकं. तुम्ही शेगडीजवळ सरका, तुमचे बूट ओले झालेत. मला भट्टीवरून घरी जायची घाई नाही. दिवा राहू द्या जळत.

तर पोती. त्यांत वाळवलेला पाला असतो, मुळ्या, साली, फुलं असतात. नेमकं काय, ते खाली भट्टीवर कुणालाच माहीत नसतं. पोत्यावर फक्त आकडा. मठाच्या हिरव्या मद्यात एकशे सोळा वनस्पती पडतात. त्यांतल्या अठ्ठावन्न एका ब्रदरना माहीत, उरलेल्या अठ्ठावन्न दुसऱ्या ब्रदरना. पहिल्यांच्या पोत्यांवर काळे आकडे, दुसऱ्यांच्या पोत्यांवर लाल. एकाला दुसऱ्याची अर्धी यादी ठाऊक नसते, आणि दोघं एका गाडीत कधी बसत नाहीत. एकदा मुसळधार पावसात मी दोघांनाही गाडीत बसा म्हणालो, तर एक बसले आणि दुसरे नऊ किलोमीटर भिजत चालत आले. मी हसलो, तर दोघांनीही माझं हसणं ऐकलंच नाही असं दाखवलं.

हे लिहून का ठेवत नाहीत, असं सगळेच विचारतात. नुसती नावं लिहून काय करणार? कुठल्या उतारावरचा पाला, कुठल्या आठवड्यात खुडलेला, किती वाळलेला, हे नाकालाच कळतं, आणि ते एका नाकातून दुसऱ्या नाकातच जातं. शिकणाऱ्याने डोळे मिटून बसायचं. शिकवणाऱ्याने मागे उभं राहून चिमूटभर पाला त्याच्या नाकाखाली धरायचा. दिवसच्या दिवस, महिनेच्या महिने. बोलायचं काही नाही. मठात तसंही कोण बोलतं!

आणि आम्ही खालच्यांनी पोती उघडायची नाहीत, हुंगायची नाहीत, आकड्याबद्दल विचारायचं नाही. वरून आलेलं पोतं तांब्याच्या भट्टीत ओतायचं, की झालं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण आमच्या गावातली पोरं तो बोलायला लागायच्या आधी शिकतात. माझा पोरही तो असाच शिकला.

माझा पोर म्हणजे सिल्व्हँ. त्याचं नाक लहानपणापासून तिखट. दार वाजलं की बाहेर कोण आहे ते हा आतूनच सांगायचा. ओदिल नावाची धाकटी बहीण होती त्याला, लाल लोकरीची टोपी घालून सारखी ह्याच्या मागे मागे असायची. सहाव्या वर्षी घटसर्पाने गेली. त्यानंतर सिल्व्हँ गप्प झाला तो झालाच. बाविसाव्या वर्षी म्हणाला, मी वर मठात जातो. त्याच्या आईने, लिऑन्तिनने, तीन दिवस चूल पेटवली नाही. मी म्हणालो, अगं, लांब कुठे चाललाय, दर मंगळवारी मी बघेन की त्याला! ती म्हणाली, "तू बघशील. मी कुठे बघणार?" खरंच होतं. बायकांना मठाच्या भिंतीच्या आत पाय ठेवता येत नाही. आईबापांना वर्षातून दोन दिवस भेट, एक वसंतात, एक पानगळीच्या आधी, आणि तीही भिंतीबाहेरच्या पाहुण्यांच्या घरात.

मठात त्याचं नाव बदललं. ते नवं नाव माझ्या तोंडी कधी बसलंच नाही. त्याचं नाक बघून काळ्या आकड्यांच्या ब्रदर गेर्लाकनी त्याला हाताखाली घेतलं. गेर्लाक तेव्हा ऐंशीचे होते. छातीत घरघर, पाला सुकवतात त्या माडीचा जिना चढताना दोनदा थांबायचे, त्यांची घरघर मला खाली अंगणात ऐकू यायची. मंगळवारी सिल्व्हँ पोती आणून माझ्या खांद्यावर ठेवायचा. बोलायची परवानगी नव्हती. पण पोतं ठेवलं की त्यावर दोनदा थोपटायचा. ते थोपटणं पोत्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. मी घरी जाऊन लिऑन्तिनच्या पाठीवर तसंच दोनदा थोपटायचो. तेवढ्यावर आमचा आठवडा निघायचा.

मग एका फेब्रुवारीत गेर्लाक जिन्यावरच गेले.

मठात शवपेटी नसते. फळीवर निजवतात, डोक्यावरची टोपी तोंडावर ओढतात, आणि तसंच जमिनीत ठेवतात. वर लाकडी क्रूस. त्यावर नाव नाही, तारीख नाही. त्या दिवशी मी गाडी घेऊन वर होतो. माती पडताना सिल्व्हँ कबरीकडे बघत नव्हता. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. का ते मला खाली आल्यावर कळलं. गेर्लाकनी त्याला एकतीस पोती शिकवली होती. सत्तावीस शिकवायची राहिली होती.

पुढच्या महिन्यात भट्टी थंड पडली. एकतीस काळी पोती आली आणि पुढे काहीच नाही. लाल पोती होती सगळी, पण ती एकटी काय कामाची? गावातली साठ घरं त्या भट्टीवर चालतात. भट्टीचा मुकादम बार्नाबे रोज सकाळी येऊन तांब्याच्या थंड अंगावर हात ठेवायचा आणि माझ्याकडे बघायचा, जणू सिल्व्हँला नाक मीच कमी दिलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी काळं बत्तीस आलं.

त्याच्या पुढच्या मंगळवारी तेहेतीस, मग चौतीस. लाल आकड्यांच्या ब्रदर पाँसनी जुन्या अर्काशी वास ताडून पाहिला आणि मान डोलावली की हेच ते. गावात नुसता जल्लोष. बार्नाबेने मला खानावळीत पाजलं आणि टेबलावर चढून ओरडला, "अरे, गास्पारच्या पोराने नाकाने हुडकून काढलं! शिकवणारा मेला तरी अडला नाही पठ्ठ्या!" मीही प्यायलो. अभिमान वाटला हो मला, खोटं कशाला बोलू?

मे महिन्यात भेटीचा दिवस आला. तोवर अडतीस झाली होती. लिऑन्तिन अक्रोडाचा केक घेऊन आली होती. लहानपणी सिल्व्हँ त्या केकसाठी भिंतीवर डोकं आपटायचा. तो आत आला, पांढऱ्या झग्यात, चेहरा एकदम शांत. तिने तुकडा कापून दिला. त्याने खाल्ला आणि म्हणाला, "छान आहे. काय आहे हे?"

लिऑन्तिन हसली. "चेष्टा करतोस होय रे? तुझाच केक."

"माझा?" तो म्हणाला. त्याने पुन्हा एक घास घेतला, डोळे मिटून हळूहळू चावला. मग मान हलवली. "नाही आई. हा मी पहिल्यांदाच खातोय."

मी विषय बदलायला म्हणालो, "ती बाकीची पोती कशी रे सापडली तुला?"

"मला कुठे सापडली? ब्रदर गेर्लाक शिकवतात."

"शिकवायचे, म्हण."

"शिकवतात, बाबा." तो अगदी साध्या आवाजात बोलत होता. "दुपारच्या तीनच्या प्रार्थनेनंतर मी माडीवर डोळे मिटून बसतो. ते मागे येऊन उभे राहतात. आधी घरघर ऐकू येते... मग ओल्या लोकरीचा वास... मग चिमूट."

"तू... बघितलंस त्यांना?"

"डोळे उघडायचे नसतात ना, बाबा." जरा थांबून तो म्हणाला, "म्हणतात, पोरा, घर लहान आहे तुझं. एक आत ठेवायचं तर एक बाहेर काढावं लागेल. मी म्हणालो, काढा."

"काय काढलं त्यांनी?" लिऑन्तिनने विचारलं.

सिल्व्हँने विचार केला. "ते मला कसं कळणार, आई?"

परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. उरलेला केक तिच्या मांडीवर होता. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "उपास जास्त होतात त्याचे. डोकं हलकं झालंय." मी हो म्हणालो. दोघांनाही ते खरं वाटत नव्हतं.

मग मी मोजायला लागलो. मंगळवारी पोतं खांद्यावर घेताना, मठाचे प्रमुख प्रायर फादर आसपास नसले तर कुजबुजत एखादा प्रश्न टाकायचा. आपल्या कुत्र्याचं नाव काय रे? पाताऊ, असं तो लगेच ओठांनी सांगायचा. पुढच्या मंगळवारी तोच प्रश्न, आणि तो माझ्याकडे नुसता बघत राहायचा. एकोणचाळीसला कुत्रा गेला. एक्केचाळीसला घरामागची विहीर. त्रेचाळीसला मी विचारलं, ओदिल आठवते ना? तो म्हणाला, "कोण?" आणि पोत्यावर दोनदा थोपटलं. तरी पोतं घेतलं मी. चौतीस वर्षांची सवय.

तरी मी स्वतःला समजावत होतो. पण त्याच आठवड्यात बार्नाबेने त्रेचाळीसचा ताजा अर्क चाखला. प्रत्येक आठवड्याच्या पोत्यांचा अर्क वेगळा काढतात, आणि मुकादमाने त्याचा एक घोट जिभेवर ठेवून बघायचा असतो. दुपारची वेळ, भट्टीत आम्ही दोघंच. त्याने घोट घेतला आणि तसाच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले. सहा फुटी माणूस, नवरा म्हणून आणि बाप म्हणून कधी रडला नाही.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"गास्पार... ही पोर कोण?" तो म्हणाला. "लाल टोपीतली. माझ्या मागे मागे पळतेय. थांब थांब म्हणतेय..." त्याने तोंड पुसलं. "माझ्याकडे तर सगळे मुलगेच आहेत."

तेव्हा मला कळलं, काढलेलं सगळं कुठे जातंय ते. पिंपात जातंय. आणि ती पिंपं आठ वर्षांनी उघडणार, बाटल्यांत भरणार, आणि पॅरिसला नाहीतर कुठे कुठे जाऊन कोणी अनोळखी माणसं जेवणानंतर माझ्या ओदिलला बोटभर ग्लासातून पिणार.

मी प्रायर फादरांकडे गेलो. टोपी हातात घेऊन उभा राहिलो. म्हणालो, "फादर, माझा मुलगा आम्हाला विसरत चाललाय."

"गास्पार, इथे आम्ही विसरायलाच येतो," ते मायेने म्हणाले. "घर, नाव, आईबाप. कुणाला वीस वर्षं लागतात, कुणाला मरेपर्यंत जमत नाही. तुझ्या मुलावर देवाची कृपा आहे."

"ही कृपा नाही फादर. हे ब्रदर गेर्लाक आहेत."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिकडे ते बिननावाचे क्रूस होते. 

"गेर्लाक देवाघरी आहेत," ते म्हणाले. मग आवाज आणखी खाली आणून, "आणि समजा नसले... तर मी काय करू, गास्पार? खाली साठ चुली आहेत. तुझीही एक आहे."

सांगा, कुणाकडे दाद मागायची? चोरी झाली म्हणावं, तर ज्याची वस्तू गेली तो म्हणतो मीच दिली. आणि ज्यांनी अडवायचं ते म्हणतात, अभिनंदन. घरी आलो की लिऑन्तिन विचारायची, "आज काय गेलं?" सुरुवातीला मी सांगायचो. नंतर काही नाही म्हणायला लागलो. तिला कळायचं.

जुलैत मी एक मूर्खपणा केला. सत्तेचाळीस नंबरचं पोतं गाडीत होतं. धारेवरच्या वळणावर मी गाडी थांबवली, पोतं उचललं आणि घळीत फेकून दिलं. म्हटलं, पोतंच पोचलं नाही तर पुढचं अडेल. शिकलेलं वाया जाईल, गेर्लाक वैतागतील, सोडून देतील पोराला. आता हसू येतं. खाली जाऊन सांगितलं, गाडीतून पडलं. चौतीस वर्षांत माझ्या गाडीतून कधी काही पडलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी विश्वास ठेवला.

पुढच्या मंगळवारी अठ्ठेचाळीस आलं नाही. पुन्हा सत्तेचाळीसच आलं. सिल्व्हँने ते माझ्या खांद्यावर ठेवलं. थकलेला दिसत होता. पहिल्यांदाच त्याने आपणहून तोंड उघडलं. "ब्रदर म्हणाले, सांडलं तर पुन्हा भरावं लागतं. पुन्हा जागा करावी लागली. ह्या वेळी मोठं काहीतरी काढलं त्यांनी, बाबा. दोन दिवस छातीत दुखत होतं..."

"काय काढलं?" मी विचारलं. मला ते विचारायला नको होतं.

ऑक्टोबरच्या भेटीत ते समजलं. तोवर सत्तावन्न झाली होती. लिऑन्तिन दाराशी उभी होती. सिल्व्हँ आत आला, मला बघून हसला, "बाबा" म्हणाला. मग तिच्याकडे वळून अदबीने मान झुकवली. "बाई, आपण फार लांबून आलात का?"

लिऑन्तिन रडली नाही. ती खाली बसली, हातातलं पुडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं. "नाही," ती म्हणाली. "इथलीच आहे. खालच्या गावातली." मग पूर्ण वेळ ती त्याच्याशी हवापाण्याबद्दल बोलली. थंडी यंदा लवकर येईल, पायात गरम मोजे घालत जा. तो प्रत्येक वाक्याला हो बाई, हो बाई म्हणत होता. मी तिथे बसलो होतो आणि माझ्या डोक्यात घळीत गडगडणारं ते पोतं वाजत होतं. ते मीच फेकलं होतं. तिला आजपर्यंत मी ते सांगितलेलं नाही.

निघताना मी त्याला बाजूला घेतलं. "एकच राहिलंय ना रे? अठ्ठावन्नावं. ते नको शिकू."

"आता तुम्ही एकटेच राहिलात आत," तो म्हणाला. "बाकी सगळं पाल्याने भरलंय. ब्रदर म्हणतात, शेवटच्याला सगळ्यात मोठी जागा लागते."

"नाही म्हण त्यांना!"

"नाही म्हणायला आत कुणीतरी लागतं, बाबा." तो हे दुःखाने म्हणाला नाही. एखादी साधी अडचण सांगावी तसं म्हणाला.

मंगळवारी मी मुद्दाम उशिरा पोचलो. तीनची घंटा होऊन गेली होती. धुकं इतकं खाली आलेलं की अंगणातला नळ दिसत नव्हता. सिल्व्हँ पोती घेऊन खाली आला नाही. मी रिकामी पोती हातात घेतली, कुणी विचारलं तर द्यायला आलो म्हणता यावं म्हणून, आणि माडीचा जिना चढलो. चौतीस वर्षांत मी त्या जिन्यावर पाय ठेवला नव्हता.

वर लांबलचक खोली, छताला उलट्या टांगलेल्या जुड्या. खिडक्यांवर गोणपाट, उजेड जेमतेम. शंभर वास एकदम अंगावर आले आणि डोकं गरगरलं. अगदी टोकाला स्टुलावर सिल्व्हँ, माझ्याकडे पाठ, हात मांडीवर. अजिबात हलत नव्हता. त्याच्या मागे कुणी नव्हतं. म्हणजे, मला कुणी दिसलं नाही. पण त्याच्या डोक्याजवळ टांगलेल्या जुड्या हलत होत्या, दर थोड्या वेळाने, सारख्या अंतराने, वारा नसताना. आणि मग मला ती ऐकू आली. घरघर... थांबून... घरघर... म्हाताऱ्या छातीतून जिना चढताना येते तशी. पाल्याच्या वासाखालून ओल्या लोकरीचा वास आला, आणि त्याखालून मातीचा.

मला ओरडायचं होतं, त्याचा हात धरून ओढायचं होतं. तिथल्या तिथे गुडघ्यावर बसलो, तेवढंच जमलं.

"ब्रदर गेर्लाक," मी म्हणालो. "मी गास्पार. पोतीवाला... तुमची पोती मी कधी ओली होऊ दिली नाहीत. एक मागतो. त्याच्यात आता माझ्याशिवाय काही उरलं नाही हो... मला राहू द्या तिथे. जागा हवी तर माझ्यातली घ्या. माझ्यात पुष्कळ आहे. म्हातारा माणूस आहे, भरलेलं घर आहे. हवं ते घ्या..."

घरघर थांबली.

जुड्या हलायच्या थांबल्या. मग अगदी सावकाश, सिल्व्हँकडून माझ्याकडे, मधल्या एकेक जुडीला धक्का लागत आला. मी डोळे मिटून घेतले. माझ्या मानेवर गार श्वास लागला. नाकाखाली चिमूटभर काहीतरी आलं. बोटं लागली मला. ती कोरडी होती.

तो वास कसला होता ते मला माहीत आहे. कुठल्या उतारावर येतं, कधी खुडायचं, सगळं माहीत आहे. सांगणार नाही तुम्हाला. सांगायचं नसतं.

डोळे उघडले तेव्हा सिल्व्हँ माझ्यापुढे वाकून उभा होता. "बाबा? तुम्ही इथे कशाला आलात? चला, कुणी बघेल." त्याने मला धरून उठवलं. कोपऱ्यात अठ्ठावन्न नंबरचं पोतं शिवून तयार होतं, आकड्याचा काळा रंग ओला. त्याने ते माझ्या खांद्यावर ठेवलं आणि दोनदा थोपटलं. पोरगा वाचला होता. म्हणजे, माझा म्हणून तरी वाचला होता. त्या धुक्यात मी गाणं म्हणत गाडी चालवली, आणि सगळी वाट मनात चाचपडत होतो, काय गेलं असेल बरं? खेचरांची नावं आठवत होती. लढाई आठवत होती. ओदिल आठवत होती, टोपीसकट. मला वाटलं, म्हाताऱ्याला दया आली.

घरी पोचलो. एका बाईने दार उघडलं. साठीची असेल, केस पांढरे, डोळे सुजलेले. तिने माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "ओळखलं का त्याने तुला?"

"हो, ओळखलं," मी म्हणालो, आणि टोपी काढली. "माफ करा बाई, आपण कोण?"

ह्याला आता दोन वर्षं झाली. तुम्हाला मी लिऑन्तिनबद्दल जे जे सांगितलं, चूल न पेटवणं, केक, गाडीतलं बोलणं, ते सगळं मला तिनेच सांगितलेलं आहे. रोज थोडं थोडं सांगते. मी ऐकतो, लक्षात ठेवतो, पण ते आठवत नाही. लग्नाचा फोटो दाखवते, त्यात मी आहे, शेजारी एक अनोळखी मुलगी आहे. मी तिला तुम्ही म्हणतो. तू म्हण, असं ती फार वेळा म्हणाली, नंतर तिने सोडून दिलं. चांगली बाई आहे. मला तिची दया येते, आणि ती दया तिला दिसते, ह्याची मला जास्त लाज वाटते. भेटीच्या दिवशी आम्ही तिघं बसतो. मी आणि सिल्व्हँ बापलेकासारखे बोलतो आणि ती आमच्या दोघांच्या ताटात वाढत राहते.

बार्नाबेने अठ्ठावन्नचा अर्क चाखला होता. तेव्हापासून ती रस्त्याने जाताना दिसली की तो टोपी काढून उभा राहतो, ती वळणाआड जाईपर्यंत. एकदा मला म्हणाला, "तरुणपणी ती नाचताना डावा पाय जरा ओढायची, नाही रे?" मी म्हणालो, मला काय ठाऊक. तो माझ्याकडे बघेना.

हे सगळं तुम्हाला आजच का सांगतोय विचारा.

आज मंगळवार. वर गेलो, सिल्व्हँने पोती दिली, प्रत्येक पोत्यावर दोनदा थोपटलं. शेवटचं पोतं खांद्यावर घेताना माझी नजर आकड्यावर गेली. काळं एकोणसाठ. एकोणसाठ नाहीच आहे कुठे. कुठल्याच यादीत नाही. मी कुजबुजलो, "हे काय रे?" तो म्हणाला, "ब्रदर म्हणतात, अजून आहेत."

"अजून किती?"

त्याने खांदे उडवले.

ते बघा, त्या कोपऱ्यात ठेवलंय. उद्या सकाळी भट्टीत ओततील, कुणी काही विचारणार नाही. मी सारखा हिशेब लावतोय. सिल्व्हँने आज मला ओळखलं, बाबा म्हणाला. मी त्याला ओळखलं. ओदिल आठवतेय, खेचरं आठवतायत. आम्हा दोघांचं काही गेलेलं नाही. मग ह्याला जागा कुणी दिली?

त्या खिडकीतून आमचं घर दिसतं, चौकापलीकडचं, हिरव्या दाराचं. गाडीचा आवाज आला की ती दार उघडून उंबऱ्यावर येते. बर्फ असो, काही असो. दोन वर्षांत एक मंगळवार चुकलेला नाही. गाडी येऊन आता दोन तास होत आले. आत दिवा आहे, ती खुर्चीत बसलेली दिसतेय, मघाशी तिने इकडे पाहिलंही. सरळ माझ्याकडेच पाहिलं.

आणि मग पडदा ओढून घेतला, परक्या माणसाने आत डोकावल्यावर ओढतात तसा.